दिवा लागायच्या आत

हस्तिदंती कागद जाड असतो, पण घडी घातली की कडेला फुटतो. पांढरा फुटत नाही. पांढरा गरीब दिसतो.

*

जिन्याचा शेवटचा टप्पा अंधारा आहे. तो एकाच दाराकडे जातो, त्यामुळे शेजाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

*

आईच्या डोळ्यात थेंब घालायचे असले की ती डोळा उघडायच्या ऐवजी तोंड उघडते.
"तोंड कशाला?"
"कोणी वाकून जवळ आलं की मला बोलावंसं वाटतं."

*

लिफ्टवाले काका कुठूनही बाहेर पडताना दार लावतात, ओढून बघतात, दोन पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढून बघतात.

*

दादा शहराला पाणी सोडतो. पाणी कधी येणार म्हणून लोक फोन करतात. दादा म्हणतो, "येईल." याहून लांब उत्तर त्याने कोणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

*

स्वयंपाकघरातला पंखा कोणी लावत नाही. उन्हाळ्यातसुद्धा.

*

निमंत्रक: ________________

*

ही एक ओळ सोडली तर पत्रिका तयार होती.

पत्रिका आईच्या लग्नाची. नवरदेव लिफ्टवाले काका. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, काका त्या इमारतीची लिफ्ट सांभाळायचे, आणि दोघं निवृत्त झाल्यावर एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये भेटले, तर ती लिफ्ट मध्येच बंद पडली. "अडकलो म्हणून जमलं," असं काका सगळ्यांना सांगत. आई त्यांना मिस्त्री म्हणे, ते तिला ऑपरेटर म्हणत, आणि या वयात यापेक्षा जास्त लाडात येणं दोघांनाही जमणारं नव्हतं.

पत्रिकेची जबाबदारी धाकटीची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायची, "आता स्पष्ट, की आधी स्पष्ट?" आईपुढे तिने कागदाचे नमुनेही तसेच धरले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा लावून ती धाकटीकडेच मुक्कामाला होती.

"आता चांगला, की आधी चांगला?"

"मला दोन्ही काळे दिसतायत. स्वस्त तो घे. आणि खाली काय लिहिलंस ते वाच."

धाकटीने वाचलं. आमच्या आईच्या विवाहाला आपण यावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. तारीख. वेळ. सभागृह. मग ती थांबली.

"पुढे?"

"पुढे निमंत्रक. माझं नाव."

"आणि?"

"आई, दादा काही बोलतच नाही."

"तो कधी बोलला होता? दोघांची नावं हवीत. एकटीच्या नावाने गेली पत्रिका तर लोक काय समजायचं ते समजतील, त्याचं मला काही नाही. पण त्या घरात तो राहतो. त्याला नको असेल तर मला लग्न नको. मिस्त्रीला मी तसं सांगून ठेवलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं. मग दार ओढून बघितलं आणि गेले."

हे आई गमतीत बोलली नव्हती. ऑपरेटरच्या आवाजात बोलली होती, म्हणजे त्यावर वाद नसतो.

*

दादाला जाऊन विचारायचं, इतकं साधं होतं.

पण त्या घरात कोणी कोणाला काही विचारत नसे. बाबांची पाळी वेगळी, आईची वेगळी, मुलांच्या शाळा वेगळ्या. चौघं एका वेळी जागी सापडत नसत. म्हणून बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक फळा ठोकला होता. जे ठरवायचं ते त्यावर लिहायचं. ज्याला मान्य नसेल त्याने पुसायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लागायच्या आत पुसलं नाही, तर ठरलं. त्यावर नंतर कुरकुर करायची नाही.

फ्रिज असा आला. धाकटीची शाळा अशी बदलली. लहानपणी दादाने महिनाभर रोज लिहिलं, "कुत्रा पाळायचा," आणि बाबांनी महिनाभर रोज पुसलं; दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही. एकदा आईने लिहिलं, "ज्याचं ताट त्याने धुवायचं," आणि पुसायची कोणाची छाती झाली नाही.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. फळ्यावर सगळ्यात वर त्यांच्या अक्षरात एक ओळ राहिली होती:

जिन्यातला बल्ब आणणे.

त्यानंतर फळ्यावर कोणी काही लिहिलं नव्हतं.

*

धाकटीने लिहिलं. दादा कामावर असताना दुपारी आपल्या किल्लीने दार उघडून ती आत गेली, चमच्यांच्या खणात खडूचा तुकडा सापडला, आणि बाबांच्या ओळीपासून जमेल तितकं लांब, अगदी खालच्या कडेला, तिने लिहिलं:

पत्रिकेवर निमंत्रक म्हणून दादा आणि धाकटी, दोघांची नावं घालायची.

पूर्णविराम जोरात दिला गेला. खडू मोडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी, दादा निघून गेल्याची खात्री करून, ती परत आली. ओळ तशीच होती. तिने जवळ जाऊन बघितलंही नाही. दारातूनच मोबाइलवर फोटो काढला, जसा काही कोणी पुरावा मागणार होतं. टेबलावर ताटाशेजारी टॉर्च उभी होती. रात्री वीज गेली असेल, असं तिला वाटलं.

*

छापखाना.

"नवरी कोण, तुम्ही?"

"आई."

"नवरीची आई नाही विचारत. नवरी."

"आईच नवरी."

छापखान्यातल्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर आणला, धाकटीकडे बघितलं, प्रूफकडे बघितलं. "अगं बाई. बरंय की. माझी आई तर मला अजून सांगते, एकटी राहू नकोस म्हणून. तिलाच सांगते आता. निमंत्रक?"

"दोन नावं. आधी भाऊ, मग मी."

"भावाला दाखवलं?"

"हो."

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"म्हणजे झालं." बाईंनी सही घेतली. "दुपारनंतर मशीनवर चढवते. उद्यापासून निवडणुकीची पत्रकं सुरू होतात, मग मला तोंड वर करायला फुरसत नाही. एकदा कागद चढला की मला फोन करायचा नाही. स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही."

धाकटी बाहेर आली. तिला हलकं वाटायला हवं होतं. दुकानात तिने एका गृहस्थांना तीच काच दोनदा दाखवून विचारलं, आता स्पष्ट की आधी? ते म्हणाले, "ताई, तुम्हाला बरं नाही का?"

*

दुपारी थेंब. आईने तोंड उघडलं.

"छापायला दिल्या?"

"दिल्या."

"दोन नावं?"

"दोन नावं."

"त्याला विचारलंस?"

"फळ्यावर लिहिलं. त्याने नाही पुसलं."

आईने डोळा मिटला. थेंब गालावरून कानाकडे गेला. धाकटीला वाटलं, औषध झोंबलं.

"कुठल्या फळ्यावर?"

"आपल्या. दुसरा कुठला?"

"अगं, दादा तो फळा कसा पुसेल?"

"म्हणजे?"

"भिंती रंगवायला माणूस आला होता, तेव्हा दादाने तो फळा खाली उतरवू दिला नाही. त्याच्यामागे अजून जुना रंग आहे. त्या खोलीत पंखा लावत नाही आम्ही, वाऱ्याने खडू उडेल म्हणून. मी तिथे फडक्याने धूळ झटकत नाही. एकदा नुसता हात वर केला तर तो ताटावरून उठून उभा राहिला. आणि तू त्याला सांगतेस, नको असेल तर पूस?"

धाकटीच्या हातातली बाटली उघडीच होती.

"तू त्याच्याकडून हो घेतलं नाहीस," आई म्हणाली. "त्याला नाही म्हणायला जागा ठेवली नाहीस. असलं नाव मला पत्रिकेवर नको. फोन लाव त्या बाईला."

*

"कागद चढलाय."

"थांबवा."

"ताई, मी काय म्हणाले होते?"

"फोन करायचा नाही म्हणाला होतात."

"निम्म्या छापून झाल्यात! काय, तारीख चुकली?"

"नाही. भावाचं ठरायचंय."

"लग्न ठरलंय ना?"

"ते भावावर आहे."

मागे मशीनचा आवाज मंदावत मंदावत बंद झाला. "उद्या मशीन उघडते तेव्हा मला एक शब्द सांगायचा," बाई म्हणाल्या. "हो किंवा नाही. तुमच्या घरात असे शब्द असतील ना?"

*

दादा फोन उचलत नव्हता. पंपाच्या आवाजात तो ऐकू येत नाही.

धाकटी बसने गेली. पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत दादा स्टुलावर बसून पाण्याच्या दाबाच्या काट्याकडे बघत होता. तिला बघून उठला.

"आईला काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग इथे कशी?"

ती रस्ताभर वाक्य घोळवत आली होती. त्या घरात असलं वाक्य कोणी तोंडाने म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. "दादा, पत्रिकेवर तुझं नाव घालू का?"

दादाने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. उत्तर द्यायचं नसलं की तो चष्मा पुसे.

"फळ्यावर लिहिलंयस ना."

"तुला ते पुसता येत नाही म्हणून आले."

"कोण म्हणालं पुसता येत नाही?"

"आई."

"तुझी ओळ खाली आहे. भुकटी खाली पडते, वर चढत नाही. ओलं बोट फिरवलं की झालं. करून बघितलंय मी."

"काय करून बघितलंयस?"

"पूर्णविराम पुसला."

धाकटीला हसू येईना आणि रडूही येईना. "मग बाकीचं का नाही पुसलंस?"

चष्मा.

"म्हणजे तुझं हो आहे?"

"दिवा कुठे लावला मी?"

"काय?"

"काल. स्वयंपाकघरात दिवा लावला नाही. टॉर्चवर जेवलो." तो काट्याकडे बघत बोलत होता, जणू काटाच विचारत होता. "दिवा लागायच्या आत पुसायचं असतं. दिवा लावला नाही तर अजून वेळ आहे."

पंप धडधडत होता. धाकटीला टेबलावरची टॉर्च आठवली. सहा वर्षांत पहिल्यांदा फळ्यावर काहीतरी लिहिलं गेलं होतं आणि हा माणूस त्यासमोर अंधारात जेवत बसला होता.

"काकांचा राग आहे?"

"त्यांचा कसला राग? चांगला माणूस आहे. दार दोनदा ओढून बघतो."

"आईचा?"

"आईचा कोणाला येतो?"

"माझा मग."

"तुझा लहानपणापासून आहे. त्याचं काय?"

"दादा, निम्म्या पत्रिका छापून झाल्यात. तू नाही म्हणालास तर आई लग्न मोडणार आहे. ती खरंच मोडेल. तुला माहितीये ती."

"माहितीये."

"मग एकदा सांग ना काय ते!"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. कुठेतरी पाण्याचा दाब बदलला आणि काटा थरथरला.

"फळा दुसऱ्याने वाचावा म्हणून असतो," तो म्हणाला. "आई गेल्यावर मी कोणासाठी लिहू?"

धाकटीकडे उत्तरं होती. एकही असं नव्हतं की जे फळ्यावर लिहिलं असतं तर त्याने पुसलं नसतं.

"मी येत जाईन."

"येशील," दादा म्हणाला. फोनवर लोकांना पाण्याबद्दल सांगतो, अगदी त्याच आवाजात. मग उठून त्याने व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. "जा आता. पाणी सोडायचंय."

*

"हं, बोला."

"आई, मी."

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"म्हणजे नाही."

"नाहीसुद्धा नाही म्हणाला. त्याने दिवाच लावलेला नाही."

आईने श्वास घेतला तो ऐकू आला. दिव्याचं तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"मिस्त्रीला तू काही कळवू नकोस," ती म्हणाली. "जे काय असेल ते मी सांगेन. तुझ्या आवाजात त्याला कळायला नको."

"आई, आजची संध्याकाळ थांब."

"मी लाइनवर आहे."

*

जिन्यासमोरच्या रस्त्यावर एक विजेच्या सामानाचं दुकान होतं, बरीच वर्षं बंद पडलेलं. त्याच्या पायरीवर धाकटी बसली. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. दादा घरी आला, अंधाऱ्या टप्प्यावर त्याच्या टॉर्चचा ठिपका वर गेला, दार वाजलं. तिला त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि तो काही म्हणाला नाही. दोन्ही शक्य होतं.

खालच्या मजल्यावर दिवा लागला. मग शेजारच्या इमारतीत. मग त्याच्या वर. एका बाईने खिडकीत येऊन पडदा ओढला. कोणाच्या तरी घरी बातम्या लागल्या. रस्त्यावरचे दिवेही लागले, आधी जांभळट, मग पिवळे.

त्यांची खिडकी काळी.

पाच मिनिटं अजून, असं ती मनात म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली. आईचा काळा चष्मा, काकांचं दोनदा ओढलेलं दार, छापखान्यात अर्धवट थांबलेला कागदाचा गठ्ठा, सगळं त्या एका चौकोनाकडे बघत बसलंय असं तिला वाटलं. उद्या सकाळी एक शब्द सांगायचा होता. काळ्या खिडकीचा शब्द कुठला?

ती उठली. त्या घरात न बोलावता, न लिहिता, संध्याकाळचं कोणी जात नसे. ती गेली. शेवटच्या टप्प्यावर हाताने भिंत चाचपत चढली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"दादा?"

"आत ये. जपून. मध्ये स्टूल आहे."

स्टुलावर दादा उभा होता. एका हातात टॉर्च, दुसरा हात छताला.

"काय करतोयस?"

"गेला."

"कोण?"

"बल्ब. बटण दाबलं आणि गेला. फट्‌ झालं."

धाकटी दारातच थांबली. "बटण दाबलंस?"

"दाबलं की."

"कधी?"

"दिवे लागायच्या वेळेला. मग कधी दाबतात?"

तिला खाली बसावंसं वाटलं, पण स्टूल त्याच्या पायाखाली होतं.

"मी खाली बसले होते," ती म्हणाली. "तिथे पायरीवर. केव्हाची."

"दिसलीस. म्हटलं, येईल. आता टॉर्च धर नीट. माझ्या डोळ्यांत नको, वर."

तिने टॉर्च धरली. दादाने जुना बल्ब काढून तिच्या हातात दिला. अजून कोमट होता. मग स्टुलावरून वाकून त्याने कपाटाच्या वरून एक पुठ्ठ्याची डबी ओढली, फुंकर मारली. धूळ दोघांच्याही नाकात गेली. डबीवर समोरच्या बंद दुकानाचा शिक्का होता.

त्याने बल्ब फिरवून बसवला. उतरला. बटण दाबलं.

पिवळा, जरा मंद उजेड पडला. भिंती, टेबल, न वापरलेला पंखा. फळा. वर बाबांची ओळ. खाली तिची, शेवटाला एक ओला डाग.

"पूर्णविराम राहिलाय," दादा म्हणाला.

"तूच पुसलास."

"मग तू दे. अक्षर तुझं आहे." मग थोडं थांबून, "नावं उलटी कर. तुझं आधी घाल. धावपळ तू केलीस."

"दादा, निम्म्या छापून झाल्यात! त्या बाई माझा जीव घेतील."

"मग राहू दे." तो जेवायला ताट घ्यायला वळला. दोन घेतली. "आपापलं धुवायचं."

धाकटीने फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"हं, बोला."

"लागला."

पलीकडे काहीच आवाज नाही. आईला वाटत असावं, ऑपरेटरने रडू नये.

"आई? आहेस?"

"लाइनवर राहा," आई म्हणाली, आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

तो बल्ब जिन्यासाठीचा होता; बाबांनी फळ्यावर लिहिलं त्याच संध्याकाळी दादाने आणलेला.